मृग लांबला तेव्हा: वरूडकडच्या एका संत्रा बगीच्याचं प्रकरण

आमच्या मामांच्या बगीच्यात एक वही आहे. पंपघराच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, शाळेत मिळते तशी दोनशे पानी. मामी ती २००७ पासून लिहितात. पहिलं फूल कोणत्या तारखेला दिसलं, पहिला पाऊस कधी पडला, दर रविवारी विहिरीचं पाणी कठड्यापासून किती हात खाली होतं, एवढंच त्यात असतं. शेती सोडून दुसरं काही नाही. या प्रकरणात मी जे मांडते आहे त्याचा कणा ही वही आहे. बाकीची पाहणी माझी.

बगीचा अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजूला आहे. पाच एकर, सहा बाय सहा मीटरवर लावलेला, म्हणजे एकरी १११ झाडं. २००६ साली जंभेरीच्या खुंटावरची ५५० कलमं लावली होती. आज ४६० उभी आहेत. गेलेली ९० च्या ९० एकाच उन्हाळ्यात गेली. ती कशी गेली आणि उरलेल्यांचं काय करायचं, हाच प्रश्न घरात चार वर्षं चालू होता. वाद व्हायचा तो एकाच शब्दावर. मृग की आंबिया?

संत्र्याशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. संत्र्याचं झाड आमच्याकडे वर्षातून तीनदा फुटू शकतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुटला तो आंबिया बहार, त्याची फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तोडणीला येतात. जून-जुलैत फुटला तो मृग, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडायचा. सप्टेंबर-ऑक्टोबरातला हस्त बहार बेभरवशाचा, त्याच्या नादी शहाणा बगीचेवाला लागत नाही. तिन्ही बहार धरले तर झाड दोन-तीन वर्षांत खंगतं. म्हणून एकच धरायचा, आणि तो धरायचा तर आधी झाडाला ताण द्यायचा. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन वळेपर्यंत. मग आंबवणी, चिंबवणी अशी हलकी पाणी देत झाडाला जागं करायचं.

ताण लागतो कशाला, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लिंबूवर्गीय फळांचं मूळ ईशान्य भारत, म्यानमार आणि चीनच्या युनानकडचा डोंगराळ पट्टा. नागपूरकडे संत्रा भोसल्यांच्या काळात औरंगाबादहून आला असं सांगतात. थंड प्रदेशात या झाडाला हिवाळाच झोपवतो. कित्येक आठवडे थंडी राहिली की वाढ थांबते, फांदीत अन्न साठतं आणि ऊब आली की पालवीऐवजी फूल येतं. वऱ्हाडातला हिवाळा त्या कामाला पुरा पडत नाही. मग थंडीचं राहिलेलं काम तहानेकडून करून घ्यायचं. आंबियात थोडी थंडी आणि थोडा ताण मिळून काम होतं. मृगात थंडीचा प्रश्नच नाही, सगळा भार मे महिन्याच्या कोरड्या जमिनीवर. ताण अपुरा राहिला तर झाड फुलायच्या ऐवजी नवती, म्हणजे नुसती पालवी, काढतं. ताण जास्त झाला तर फांद्या वाळतात, त्याला आम्ही सल म्हणतो, आणि मग सल काढण्यातच वर्ष जातं.

मी २०२२ च्या दिवाळीपर्यंत दिंडोरी तालुक्यात वाईनच्या द्राक्षांच्या मळ्यावर कामाला होते, सहा वर्षं. तिथंही ऋतूशी असंच भांडण असतं. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदा फळते. नाशिककडे वेल झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. छाटणी आठ दिवस मागे-पुढे केली की फुलोरा आठ दिवस हलतो. पावसाचा अंदाज बघून आम्ही प्लॉटमागून प्लॉट छाटायचो. मी हे कौतुकानं मामांना सांगत होते तर ते म्हणाले, "तुह्या नाशिकले कातर हाय, पोरी. आमच्याजवळ निस्ता पान्याचा कॉक हाय. आन् तो बी अर्धा देवाच्या हातात."

ते वाक्य मी घेऊन बसले. त्यांच्या हातातला अर्धा कॉक नेमका किती, हे मोजलं तरच काही सांगता येईल असं मला वाटलं.

२०१९ चा उन्हाळा

बगीचा सुरुवातीपासून मृगावर होता. वहीत २००८ ते २०१३ पर्यंत मृगाचं पहिलं फूल २२ जून ते ४ जुलै या दिवसांतच दिसतं, दरवर्षी. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, तोवर एक तरी सर यायची, ताण आपोआप तुटायचा. पाण्याला हात लावायची गरज नसे. म्हणूनच हा बहार आमच्याकडच्या जुन्या माणसांना आवडतो. पाऊस ताण तोडतो, पाऊसच फळ वाढवतो आणि हिवाळ्याची कोरडी थंडी त्याला गोडी देते.

२०१४ ला पहिला खंड पडला. त्या जूनमध्ये देशभरातच पाऊस फार कमी झाला होता. वहीत फुलाची तारीख १९ जुलै आहे आणि पुढे मामींनी लिहिलंय, "निम्मी नवती." त्या वर्षी विहिरीत पाणी होतं म्हणून निभावलं. २०१९ ला तेही नव्हतं. आदल्या वर्षीचा पाऊस कमी, मे महिना भट्टीसारखा, आणि मान्सून केरळातच ८ जूनला पोहोचला. वरूड-मोर्शीकडचे कितीतरी बगीचे त्या उन्हाळ्यात उभे वाळले. वहीत १९ मे २०१९ च्या रविवारी विहिरीपुढे आकडा नाही. "गाळ" एवढाच शब्द आहे.

मामांनी १० मेपासून ताण दिलेला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाडं वाचवायला पाणी हवं होतं आणि ते नव्हतं. टँकर आणले, झाडामागे दोन-दोन पिंप ओतली. वरच्या दोन एकरांतली २२० पैकी ८० झाडं गेली. खालच्या तीन एकरांत फक्त १०.

बगीचा एक, माणूस एक, ताणाची तारीख एक. तरी वर आणि खाली एवढा फरक का, हे त्या वेळी कोणी विचारलं नाही. दुःखात तेवढी फुरसत नव्हती. घरानं काढलेला निष्कर्ष सरळ होता: मृग दगा देतो, आता आंबिया. २०२० साली बहार धरला नाही, सल काढली, खोडांना बोर्डो मलम लावलं, झाडांना सावरू दिलं. डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या ४६० झाडांना आंबियाचा ताण दिला आणि २०२१ च्या दिवाळीत माल बरा निघाला. पैसा सणाला हातात आला. मामांना वाटलं, सुटलो.

मग डिसेंबर २०२१. ताण ५ तारखेला सुरू झाला होता. २८ तारखेला पाऊस आणि गारा आल्या. ताण मोडला. मामांनी वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटची फवारणी केली, दोन मिली लिटरला, ती शिफारस अशाच वेळेसाठी आहे. वरची झाडं आठ-दहा दिवसांत पुन्हा मलूल झाली आणि जानेवारी अखेरीस फुलली. खालच्या झाडांनी मात्र ओल धरून ठेवली आणि एका फांदीवर फूल तर चार फांद्यांवर पालवी काढली. जुलै २०२२ मध्ये झड लागली, खालच्या वावरात पाणी साचलं, लिंबाएवढी फळं देठाशी सडून गळली आणि ४० झाडांच्या बुंध्यातून डिंक वाहू लागला. वरच्या झाडांखालून पाणी मुरुमातून निघून गेलं. तिथं गळ झाली, पण सोसवेल इतकी.

मी परत आले तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं.

खड्डे आणि एक हिशेब

आल्यावर पहिलं काम मी पहारीनं खड्डे घेण्याचं केलं. वर दोन, खाली तीन. वरच्या दोन्ही खड्ड्यांत दीड फुटावर मुरूम लागला. खालच्या तिन्हींत साडेतीन-चार फुटांपर्यंत काळी, चिकण, जड माती. ८ डिसेंबरला दोन्हीकडचं पाणी तोडलं आणि दर चार दिवसांनी फुटभर खोलीची माती मुठीत दाबून पाहिली. वरच्या मातीचा लाडू तिसऱ्या आठवड्यातच होईना, भुगा होऊन बोटांतून गळायची. खालच्या मातीचा लाडू पाच आठवडे झाले तरी वळत होता.

म्हणजे आंबियाचा ताण खाली बसतच नव्हता. भारी जमिनीला डिसेंबरात दीड-दोन महिने लागतात, आणि आता ऑक्टोबरअखेरपर्यंत पाऊस रेंगाळतो, डिसेंबरात एखादा अवकाळी येतो. तेवढे सलग कोरडे दिवस मिळतच नाहीत. २०२० च्या डिसेंबरात मिळाले, म्हणून २०२१ ला माल आला. तो एक वर्षाचा योग आम्ही नियम समजून बसलो होतो. वरच्या हलक्या जमिनीत पस्तीस दिवसांत ताण बसतो, मधे पाऊस आला तरी पुन्हा बसतो. याउलट २०१९ मध्ये मे महिन्यात वरच्या जमिनीत धरून ठेवायला काहीच नव्हतं. खालच्या चार फूट काळ्या मातीनं ३३० पैकी ३२० झाडं जगवली ती खोलवरच्या ओलीवर.

पण नुसत्या मातीनं निर्णय होत नाही. आंबियाची फळं उन्हाळाभर झाडावर असतात, त्यांना मार्च ते जून पाणी लागतं, आणि आमचा तालुका भूजलाच्या अतिशोषित यादीतला आहे. इथं खोल बोअर हे सुख नाही, ते कर्ज आहे. मग मी मामींची वही घेऊन पाण्याचा हिशेब मांडला. मे महिन्यात पंप सरासरी दीड तास चालतो, मग विहीर बसते. पाच एचपीचा पंप, आम्ही पिंपं भरून मोजलं तर तासाला वीस हजार लिटरच्या आसपास. म्हणजे दिवसाला तीस हजार. फळं धरलेल्या मोठ्या झाडाला मे महिन्यात रोज दीडशे लिटर धरले तर ४६० झाडांना ६९ हजार लागतात. नाहीच जमत. वरच्या १४० झाडांना लागतात २१ हजार. जमतं.

हा आकडा कागदावर आला तेव्हा मला खरं कोडं सुटल्यासारखं वाटलं. मृगाची झाडं मे महिन्यात तहानलेलीच ठेवायची असतात. त्यांना पाणी नकोच असतं. आणि आंबियाची झाडं डिसेंबरात तहानलेली ठेवायची असतात, तेव्हा मृगाची फळं झाडावर असतात आणि पाणी त्यांना देता येतं. म्हणजे वरचा तुकडा आंबियावर आणि खालचा मृगावर ठेवला तर दोघांची तहान एकमेकांच्या वाटेत येत नाही. एकच विहीर दोन पाळ्यांत पुरते. सगळा बगीचा एकाच बहारावर नेण्याचं आमचं चार वर्षांचं भांडणच चुकीच्या प्रश्नावर होतं.

मामा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "दोन बहार म्हंजे दोन येपाऱ्याचे दोन उंबरठे. दोन खेपा फवारनी. दोन खेपा राखन." हे खरंच होतं, माझ्या हिशेबात ते नव्हतं. इकडे व्यापारी बगीचा उक्ता, म्हणजे एकगठ्ठा किमतीला, मागतो किंवा हजार फळांच्या भावानं. पाच एकरांचा एकगठ्ठा माल असला की गाडी लागते, दोन एकरांच्या मालाला तो नाक मुरडतो. एवढी किंमत मोजायची हे ठरवूनच आम्ही २०२३ मध्ये उतरलो.

जून २०२३

वरच्या १४० झाडांचा ताण ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फूल. इतकं भरून आलं की पंपघराशी उभं राहिलं तरी वास यायचा. मार्चच्या मध्याला विदर्भभर अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या, चण्याएवढी फळं सडा पडावा तशी आळ्यात पडली. त्यातली थोडीफार झाडानं तशीही टाकलीच असती. जी राहिली ती धरली.

खालच्या ३२० झाडांचं पाणी १ मेला तोडलं. काळ्या मातीला वेळ लागणार म्हणून लवकर. जूनच्या पहिल्या आठवड्यात पानं दुपारी वळायची आणि पहाटे सुटायची, म्हणजे ताण नेमका बसला होता. ८ जूनला मृग लागला. आकाश कोरं. मान्सून त्याच दिवशी कुठे केरळात आला होता, आणि अरबी समुद्रातल्या बिपरजॉय वादळानं ओल स्वतःकडे खेचून घेतली होती. १२ जूनला पानं पहाटेही सुटेनात.

इथं माझा सल्ला चुकला. मी म्हटलं थांबू या. वादळ १५ तारखेच्या सुमारास गुजरातेत जाईल, त्यानंतर वारे फिरतील, आठवड्यात पाऊस येईल. नाशिकला आम्ही अंदाजावर छाटणी पुढे ढकलायचो, तीच सवय. पण छाटणी लांबली तर वेल मरत नाही. मामी दुपारी खालच्या वावरातून येऊन ओसरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "शेंडे वायून रायले. एकोनीस साली बी हेच म्हनत होतो, आज येते, उद्या येते. आज रातच्याले पानी सोडा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिशेब पुन्हा केला. विहीर अजून रोज दीड तासाचं पाणी देत होती, म्हणजे दिवसाला तीस हजार लिटर. वरच्या आंबियाला अर्ध्यावर आणलं तर साडेएकोणीस हजार खाली नेता येणार होते. पाच रात्रींत झाडामागे तीनशे लिटर. त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीचीच होती. १४ जूनच्या रात्रीपासून मामा, मी आणि सालदार दादा बॅटरी घेऊन ओळीमागून ओळ आंबवणी देत गेलो. वरच्या झाडांवरची सुपारीएवढी फळं या पाच दिवसांत गळली, झाडामागे मी तीस-चाळीस मोजली. ती किंमत आम्ही डोळ्यांनी बघत मोजली.

पाऊस विदर्भात आला २३ जूनला. आर्द्रा लागून गेल्या होत्या. आमच्याकडे मृगाचं पहिलं फूल ३ जुलैला दिसलं. वहीतल्या जुन्या तारखांच्या अगदी कडेला, पण आत. धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, बगीच्याला विहीर नाही, त्यांनी पावसावर सोडलं होतं. त्यांच्याकडे फूल जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आलं, निम्मं, आणि शेंड्यांची सल एवढी की डिसेंबरपर्यंत ते छाटतच होते. त्यांची जमीन आमच्या खालच्या वावरासारखीच काळी आहे. पाच रात्रींच्या आंबवणीनं ताण नऊ दिवस आधी तुटला, त्याचा हा फरक.

त्यानंतरचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अधिक श्रावण, मग निज श्रावण, आणि आमचं ठिबक चालू. मामांनी जन्मात श्रावणात बगीच्याला पाणी दिलं नव्हतं. पण विहीर जुलैच्या पावसानं भरली होती, त्यामुळे या वेळी ते जमलं. कोरड्या हवेचा एक फायदाही झाला. आंबियाची ऑगस्ट-सप्टेंबरची गळ, जी बुरशीमुळे देठाशी होते, ती फारच कमी राहिली. जी झाली ती रस शोषणाऱ्या पतंगाची. हा पतंग रात्री येतो, फळाला सोंड खुपसतो, दोन दिवसांत तिथं गोल डाग पडून फळ सडतं आणि गळतं. त्याच्या अळ्या संत्र्यावर नसतातच, त्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, आणि वरच्या तुकड्याचा धुरा या वेलींनी भरलेला आहे. गुळवेल औषधाची म्हणून मामी तोडू देत नव्हत्या. शेवटी एक वेल घराजवळच्या कडुनिंबावर चढवली आणि धुऱ्यावरच्या काढल्या. गळलेली फळं रोज गोळा करून पुरली, संध्याकाळी ओल्या पाल्याचा धूर केला. औषधापेक्षा हे कष्टाचं काम होतं, पण मला त्याचाच उपयोग दिसला.

दोन तोडे

आंबिया १६ नोव्हेंबरला, दिवाळी होताच तोडला. झाडामागे सरासरी ३५० फळं. भाव पडलेलाच होता. बांगलादेशनं २०१९ पासून संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवत नेलं होतं, २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ रुपयांवर गेलं, आणि आमच्या मालाचं मोठं गिऱ्हाईक तेच. चुरी, म्हणजे बारीक माल, कोणी विचारेना. मामांना आठ दिवस थांबायचं होतं, रंग अजून चढेल म्हणून. मी तोडायचा आग्रह धरला, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचा आकडा, साडेनऊवर आला होता आणि थंडी पडलेली नव्हती तर रंग चढणार तरी कशानं? २६ नोव्हेंबरपासून राज्यभर अवकाळी आला. निफाडकडे माझ्या जुन्या सोबत्यांच्या द्राक्षांचे घड त्या गारपिटीत गेले. एकानं पाठवलेला फोटो मी मामांना दाखवला, त्यांनी फोन बराच वेळ हातात धरून ठेवला. त्यांना द्राक्षातलं काही कळत नाही, पण गार पडलेल्या झाडाखालची जमीन कुठलीही सारखीच दिसते.

मृगाच्या फळांना त्या पावसानं उलट पाणीच मिळालं. जानेवारीत थंडी बरी पडली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ब्रिक्स साडेदहा, साल घट्ट, रंग सोन्यासारखा. झाडामागे ३०० च्या आसपास फळं. व्यापारी येऊन सौदा ठरवून गेला, २० तारखेपासून तोडा. आणि दुसऱ्या आठवड्यात, १० तारखेनंतर, विदर्भात पुन्हा गारा. आमच्या शिवारात दहा मिनिटं. खालच्या तुकड्याच्या पूर्वेकडच्या ओळींवर तिरपा मारा बसला. पडलेली आणि डागाळलेली मिळून तिसरा हिस्सा गेली. डाग लागलेलं फळ चार दिवसांत त्या जागी सडतं, ते गाडीत भरता येत नाही. व्यापाऱ्यानं सौदा मोडला नाही, पण भाव खाली आणला, आणि मामांनी कबूल केलं.

विम्याचं सांगायचं तर, फळपीक विम्यात आंबिया आणि मृगाचे निकष वेगवेगळे आहेत आणि ते महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर चालतात. गारपिटीचं संरक्षण वेगळं, जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. आम्ही ते घेतलं नव्हतं. पुढच्या वर्षी घेतलं.

वर्षाचा ताळा मांडला तर, सगळा बगीचा आंबियावर ठेवला असता तर खालच्या ३२० झाडांचा ताण बसलाच नसता, आणि बसला असता तर मे महिन्यात पाणी पुरलं नसतं. सगळा मृगावर ठेवला असता तर जूनच्या त्या पाच रात्रींत वरची १४० झाडंही रांगेत उभी राहिली असती आणि त्यांची मुरमाड जमीन १४ जूनपर्यंत थांबली नसती. झालं ते असं की आंबियावर एकदा गारा पडल्या, मृगावर एकदा पडल्या, आणि दोन्ही वेळा दुसरा तुकडा वाचलेला होता. नफा मोठा नव्हता. पण २०१९ सारखा मृग लांबूनही या वर्षात एकही झाड गेलं नाही, आणि मला विचाराल तर या प्रकरणातला माझ्या लेखी सर्वांत मोठा आकडा तोच शून्य आहे.

एक गोष्ट अजून राहिलेली होती. वरच्या तुकड्यातल्या ८० रिकाम्या जागा. मामांना तिथं नवी कलमं लावायची होती. मोकळे खड्डे बघून त्यांना चैन पडत नाही, पोरं गेल्यासारखं वाटतं म्हणतात. नर्सरीत जाऊन ते कलमं बघूनही आले होते. मी काही बोलले नाही. मामींनी वही काढली, माझ्या त्या हिशेबाचं पान उघडलं आणि १४० च्या जागी २२० लिहून बोटानं गुणाकार करत बसल्या. तेहतीस हजार आले. विहीर तीस देते. मामांनी आकड्याकडे पाहिलं, मग वही मिटून पिशवीत घातली आणि फळीवर ठेवली.

त्या वर्षी मृगाच्या पहिल्या सरीनंतर मामींनी त्या ८० जागांवर तूर टोबली.